अध्यापक महाविद्यालयांतील शैक्षणिक साधने आणि गुणवत्तेची हमी : एक चिकित्सा

अध्यापक तयार करणाऱ्या संस्थांची गुणवत्ता कशी पारखावी हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. परंतु गेल्या तीस वर्षांत त्याला एक विशिष्ट वळण लागले आहे. १९९३ च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेस वैधानिक स्वरूप लाभले व १९९५ पासून ती ह्या नव्या रूपात कार्य करू लागली. मधल्या काळात, १९९४ साली, राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. तिला आता सर्वजण ‘नॅक’ ह्या संक्षेपानेच ओळखतात. संस्था सुरू करण्यास काय काय हवे हे पहिलीने ठरवावयाचे, आणि चालू असलेली संस्था कोणत्या प्रतीची आहे हे दुसरीने सांगावयाचे, अशी ही ढोबळ विभागणी आहे. दोहोंच्याही कागदपत्रांत ‘साधने’ हा शब्द वारंवार येतो. ह्या शब्दाचा तेथे जो अर्थसंकोच झाला आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साधन म्हटले की ते कशाचे साधन, हा प्रश्न ओघानेच येतो. पाटीपासून संगणकापर्यंतची कोणतीही वस्तू वर्गात आणली जाते ती विद्यार्थ्याच्या समजुतीत काही फरक पडावा म्हणून. तो फरक पडला की नाही हे पाहिल्यावाचून तिला शैक्षणिक साधन म्हणणे हा केवळ आशावाद होय. अध्यापक महाविद्यालयाच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी होतो. तेथे छात्राध्यापक शिकवावयास शिकत असतो. म्हणून खऱ्याखुऱ्या मुलांनी भरलेला वर्ग हे त्याच्या शिक्षणाचे प्रधान साधन, आणि मागच्या बाकावर बसून त्याचा पाठ पाहणारा व नंतर त्याच्याशी बोलणारा जाणता निरीक्षक हे दुसरे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, तक्ते, संगणककक्ष ही सर्व ह्या दोहोंस पूरक. गुणवत्तेची हमी देणाऱ्या आपल्या यंत्रणांनी पूरक साधने काटेकोरपणे मोजली आणि प्रधान साधने मात्र संस्थांच्या सदिच्छेवर सोपविली, असे आमचे म्हणणे आहे. ते कितपत ग्राह्य आहे हे पुढील विवेचनावरून वाचकांनी ठरवावे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. १९०४ च्या मार्च महिन्यात हिंदुस्थान सरकारने आपल्या शैक्षणिक धोरणाविषयी जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक प्रशिक्षण महाविद्यालयास एक सरावशाळा जोडलेली असावी असे म्हटले होते. महाविद्यालयात आत्मसात केलेल्या पद्धती शिक्षकाने शाळेत गेल्यावर टाकून देऊ नयेत, ह्यासाठी दोहोंचा संबंध निकटचा असावा असेही त्यात होते. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली निघाले ते ह्याच वातावरणात. पुढे साठ वर्षांनी कोठारी आयोगाने (१९६४–६६) अध्यापक-प्रशिक्षण संस्थांचे तिहेरी तुटलेपण दाखवून दिले : विद्यापीठीय जीवनापासून, शाळांच्या दैनंदिन प्रश्नांपासून आणि परस्परांपासून. ह्यांतील पहिल्या तुटलेपणाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली, कारण तीत वेतनश्रेणी व प्रतिष्ठा हे प्रश्न गुंतलेले होते. दुसऱ्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. १९०४ मध्ये जी गोष्ट मागितली होती ती १९६६ मध्ये वेगळ्या शब्दांत पुन्हा मागावी लागली, आणि २०१२ मध्ये तिसऱ्यांदा.

हा तिसरा प्रसंग महाराष्ट्राशी थेट निगडित असल्यामुळे त्याकडे अधिक लक्ष देणे उचित होईल. परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने आपल्या राज्यातील २९१ संस्थांना पदविका अभ्यासक्रमासाठी, म्हणजे ज्याला आपण डी.एड. म्हणत असू त्यासाठी, मान्यता दिली होती. राज्यास इतक्या नव्या संस्थांची गरज नाही, अशी भूमिका राज्य शासनाने घेतली. वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्या न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाने ह्या संस्थांची नव्याने पाहणी करविली. बहुसंख्य संस्था मान्यतेस पात्र ठरल्या नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने आपला त्रिखंडात्मक अहवाल सादर केला. देशातील सेवापूर्व अध्यापक-शिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के संस्था बिनसरकारी आहेत हे वास्तव त्याने नोंदविले. तपासणीची पद्धती बदलावी, अभ्यासक्रमाचा कालावधी वाढवावा, आणि अशा प्रत्येक संस्थेस प्रयोगशाळेसारखी स्वतःची एक शाळा जोडलेली असावी, अशा शिफारशी केल्या. वैद्यकीय महाविद्यालयास जसे रुग्णालय, तशी अध्यापक महाविद्यालयास शाळा, ही तुलना आपल्या शिक्षणशास्त्राच्या वर्गांत इतक्यांदा केली जाते की तिची धार बोथट झाली आहे. तरी ती चूक आहे असे आजवर कोणी दाखवून दिलेले नाही.

ह्या प्रकरणातील विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या २९१ संस्थांची तपासणी पूर्वी झालेलीच नव्हती असे नव्हे. तपासणी-पथकाने जागेवर जाऊन पाहावे, त्या भेटीचे चित्रीकरण करावे, इमारतीचा नकाशा, जमिनीची कागदपत्रे, ग्रंथांची यादी, नेमणुकांची पत्रे पाहावीत, अशी व्यवस्था नियमांत होती. तरीसुद्धा दुसऱ्यांदा पाहणी झाली तेव्हा पहिल्या पाहणीचे निष्कर्ष टिकले नाहीत. ह्याचा दोष केवळ व्यक्तींच्या सचोटीवर टाकून मोकळे होता येणार नाही. एका दिवसाच्या भेटीत जे दाखविता येते तेच जर गुणवत्तेचे प्रमाण मानले, तर त्या एका दिवसापुरते ते दाखविण्याची सोय कोणीतरी करणारच. कपाटे भाड्याने मिळतात. पुस्तके एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. परंतु एखादा छात्राध्यापक जून महिन्यात कसा शिकवीत होता आणि फेब्रुवारीत कसा शिकवू लागला, हा फरक भाड्याने आणता येत नाही. हीच गोष्ट कोणी पाहावयास मागितली नाही.

वर्मा आयोगानंतर परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम व मानके जारी केली. त्यांतील चांगल्या गोष्टींचा प्रथम निर्देश केला पाहिजे. बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षावरून दोन वर्षांचा झाला. शाळेतील आंतरवासितेसाठी एकूण वीस आठवडे ठेवण्यात आले. चार पहिल्या वर्षी व सोळा दुसऱ्या वर्षी. पाठांच्या संख्येचा कोटा कसाबसा पुरा करून घेण्याची जी जुनी रीत होती, तिच्या तुलनेत हा बदल मोठाच म्हणावा लागेल. आंतरवासितेस ९० टक्के उपस्थिती आवश्यक मानली गेली हेही योग्यच.

आता साधनांचे कलम पाहू. ग्रंथालयात निदान निम्म्या विद्यार्थ्यांना बसण्याची सोय हवी. किमान १,००० शीर्षके व ३,००० ग्रंथ हवेत. शिक्षणविषयक किमान पाच संशोधन-नियतकालिके हवीत. दोनशे माणसे बसतील असे, व्यासपीठासह २,००० चौरस फुटांचे बहूद्देशीय सभागृह हवे. ह्याखेरीज अभ्यासक्रम-प्रयोगशाळा, माहिती-तंत्रज्ञानाचा कक्ष, कला व हस्तव्यवसायाचा कक्ष, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा कक्ष हवा. ह्या सर्व गोष्टी आवश्यक ह्या सदरात मोडतात. संस्थेच्या स्वतःच्या नियंत्रणाखालील शाळेविषयी मात्र मानकांची भाषा एकदम सौम्य होते : अशी शाळा असणे ‘इष्ट’ आहे. आठ वर्षांत आठदा वापरले जाईल असे सभागृह अनिवार्य आणि रोज लागणारी शाळा ऐच्छिक, असा हा प्राधान्यक्रम आहे. ज्याने कोणी हे कलम लिहिले त्याने बहुधा शक्याशक्यतेचा विचार केला असावा; शाळा काढणे हे सभागृह बांधण्याइतके सोपे नाही. परंतु मग मानक आणि सवलत ह्यांत फरक राहत नाही.

ग्रंथालयाच्या आकड्यांविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. तीन हजार ग्रंथांची अट एका शीर्षकाच्या अनेक प्रती घेऊन भागविता येते, आणि परीक्षोपयोगी मार्गदर्शिकांच्या प्रती घेऊन तर फारच स्वस्तात. मराठी माध्यमातून शिकणाऱ्या व पुढे मराठी माध्यमातच शिकविणाऱ्या छात्राध्यापकाला एखाद्या विषयाच्या अध्यापनावर, उदाहरणार्थ अपूर्णांकांच्या किंवा व्याकरणाच्या अध्यापनावर, मराठीत गंभीर असे काय वाचावयास मिळते, हा प्रश्न ह्या आकड्यांतून निर्माणच होत नाही. शिक्षकांसाठी नियतकालिक काढण्याची परंपरा आपल्या भाषेत एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांच्यासारख्या लेखकाने ‘शालापत्रका’चे संपादन केलेले आहे. मानकांच्या हिशेबात ह्या परंपरेला स्थान नाही, कारण तिची गणना कोणत्या रकान्यात करावी हे ठरलेले नाही.

मुख्य मुद्दा निरीक्षकांचा. २०१४ च्या मानकांनुसार पन्नासांच्या दोन तुकड्या प्रतिवर्षी घेणाऱ्या, म्हणजे दोन वर्षांचे मिळून दोनशे विद्यार्थी असणाऱ्या महाविद्यालयात सोळा अध्यापक असावेत. त्यांत एक प्राचार्य, चौघे शिक्षणाच्या तात्त्विक विषयांचे, आठजण शालेय विषयांच्या अध्यापनपद्धतींचे, आणि एकेक शारीरिक शिक्षण, दृश्यकला व प्रयोगजीवी कलांसाठी. आता एक साधा हिशेब करू. दुसऱ्या वर्षाच्या शंभर विद्यार्थ्यांनी सोळा आठवड्यांत प्रत्येकी तीसच पाठ घेतले असे धरले, तरी ३,००० पाठ होतात. विषयाच्या दृष्टीने ते पारखू शकतील असे अध्यापक आठ; म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास ३७५ पाठ. आठवड्याचे सहा दिवस धरून सोळा आठवड्यांचे ९६ दिवस होतात. रोज सुमारे चार पाठ पाहावयाचे, प्रत्येकानंतर चर्चा करावयाची, आणि त्याच काळात पहिल्या वर्षाचे वर्गही घ्यावयाचे. शिवाय हजारापर्यंत पट असलेल्या शाळेत दहाहून अधिक छात्राध्यापक पाठवू नयेत असे बंधन असल्याने हे पाठ एका ठिकाणी नव्हे, तर दहा-दहा शाळांतून विखुरलेले असावयाचे. हे बंधन शाळेच्या दृष्टीने रास्त आहे. पण त्यामुळे निरीक्षकाचा निम्मा दिवस एस.टी.च्या थांब्यावर जातो.

हे अशक्य आहे हे सर्वांना माहीत आहे, आणि म्हणूनच ते घडत नाही. घडते ते असे : निरीक्षक शाळेत येतो, तीन वर्गांत प्रत्येकी दहा मिनिटे बसतो आणि उरलेल्या पाठांच्या वह्यांवर संध्याकाळी स्वाक्षरी करतो. किंवा शाळेतील मार्गदर्शक शिक्षकावर हे काम सोपविले जाते. त्या शिक्षकाच्या तासिका ह्यासाठी कमी होत नाहीत, त्याला ह्या कामाचे प्रशिक्षण मिळत नाही, मानधनाचे तर नावच नको. अनेक मुख्याध्यापक छात्राध्यापकांचे स्वागत करतात ते रिक्त जागेवर चार महिने फुकटचा शिक्षक मिळतो म्हणून, आणि ह्याबद्दल त्यांना दोष देणे कठीण आहे. २०१० नंतर राज्यातील शिक्षकभरती दीर्घकाळ थंडावली होती. तिचा भार शाळांनी जमेल तसा वाहिला. ह्याच काळात डी.एड. विद्यालये ओस पडली आणि पुष्कळशी बंद झाली. गुणवत्तेच्या यंत्रणेने ती बंद पाडली असे म्हणता येणार नाही. नोकरी मिळत नाही म्हणून विद्यार्थी येईनासे झाले, इतकेच.

प्रत्यक्ष पाठात ‘साधन’ ह्या शब्दाचे काय होते हे पाहिल्यावाचून ही चर्चा पुरी होणार नाही. सरावपाठाच्या निरीक्षणतक्त्यात प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, उपयोजन, गृहपाठ ह्यांच्या जोडीने ‘साधनांचा वापर’ असा एक रकाना असतो. हर्बार्टच्या पंचपदीचा हा वारसा आपण अजून सांभाळला आहे. रकाना आहे म्हणून साधन हवे. साधन हवे म्हणून तक्ता हवा. पूर्वी छात्राध्यापक रात्री जागून तक्ते रंगवीत. आता पुण्यातील अप्पा बळवंत चौकात किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी ते तयार मिळतात, आणि संगणकावरून पडद्यावर टाकले तर रंगकामही वाचते. पाठ सुरू झाला की तक्ता टांगावयाचा, छडीने दोन ठिकाणी दाखवावयाचे, पाठ संपला की गुंडाळावयाचा. निरीक्षकाचा शेरा : ‘साधन आकर्षक. योग्य वापर.’

प्राथमिक वर्गातील हातच्याची वजाबाकी घेऊ. बावन्नातून सत्तावीस वजा करावयाचे आहेत. तक्त्यावर ५२, त्याखाली २७, पाचावर काट मारून वर चार, दोनाशेजारी लहानसा एक, आणि उत्तर २५, असे सुबक रंगात लिहिलेले असते. हा तक्ता मुलाला उत्तर दाखवितो. उत्तराकडे नेणारी वाट त्यात नसते. ह्याउलट काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्या आणि त्यातून सात काड्या माग. ते दोन देईल आणि थांबेल. ह्या थांबण्यातच पाठाचा सारा आशय आहे. काही मुले गठ्ठा तसाच पुढे करतील, काही तुमच्या तोंडाकडे पाहतील, आणि एखादे मूल गठ्ठ्याचे रबर काढील. रबर निघाले की बारा काड्या सुट्या झाल्या. ‘हातचा’ म्हणजे काय हे त्या क्षणी घडले. ते घडू देण्यासाठी शिक्षकाने किती वेळ गप्प राहावे, कोणते मूल पुढे बोलवावे, काड्यांवरून अंकांवर केव्हा यावे, हे प्रश्न छात्राध्यापकाला शिकावयाचे आहेत, आणि ते तेथे बसून पाहणाऱ्याशी बोलूनच शिकता येतात. ली शुलमन ह्यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान ह्यांहून वेगळे असे जे आशयनिष्ठ अध्यापनज्ञान सांगितले, ते हेच. आपल्या अभ्यासक्रमात ‘आशययुक्त अध्यापनपद्धती’ ह्या नावाने त्याची वेगळी प्रश्नपत्रिका झाली. वर्गात मात्र त्याचे रबर सुटले नाही.

ह्या उदाहरणास मराठीचा म्हणून एक खास पदर आहे. आपण ‘बावन्न’ म्हणतो तेव्हा दोन आधी ऐकू येतात व पन्नास नंतर. लिहितो तेव्हा पाच आधी व दोन नंतर. कान आणि डोळा ह्यांचा क्रम उलटा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा वृत्तपत्रांतून व विधिमंडळातूनही वादंग माजले. भाषेची विटंबना, मुलांची सोय, परंपरा, आधुनिकता ह्या सर्व बाजूंनी लोक बोलले. मुले प्रत्यक्षात कोठे अडखळतात, किती अडखळतात आणि काड्या हाती दिल्याने काय बदलते, हे सांगण्याचा अधिकार ज्यांचा होता त्या अध्यापक विद्यालयांचा आवाज ह्या वादात जवळजवळ ऐकू आला नाही. सरावशाळेतील निरीक्षणांची नोंद ठेवणारी दहा विद्यालये जरी राज्यात असती, तरी हा वाद वेगळ्या पातळीवर झाला असता.

साधन स्वस्त की महाग हा प्रश्न येथे गौण आहे. १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी जे काम केले, त्यात माँटेसरीच्या खर्चिक साहित्याची जागा पाने, बिया, खडे, शंख-शिंपले ह्यांनी घेतली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. ह्या कामाकडे आपण सहसा त्यागाच्या व सेवेच्या दृष्टीने पाहतो, आणि त्यातील शास्त्रीय भाग नजरेआड होतो. बियांचे वर्गीकरण करताना मूल काय करते ह्याचे सतत निरीक्षण असल्यावाचून ते साहित्य ठरविता आले नसते. जे साहित्य तेथे सिद्ध झाले त्याची आज ‘स्थानिक साधने’ म्हणून वहीत नक्कल होते. निरीक्षणाची होत नाही.

सूक्ष्म अध्यापनाचे आपल्याकडे काय झाले हेही ह्याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत त्या दशकाच्या अखेरीस भारतात आली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र आपण ठरविले. ह्या चक्राचा प्राण पुनर्पाठात आहे : सांगितलेली सुधारणा जमली की नाही हे लगेच दिसावे. परंतु भारतीय रूपात विद्यार्थ्यांची भूमिका सहाध्यायीच करतात. त्यांना उत्तरे आधीच येत असतात, आणि कोणी अडखळत नाही. वेळ अपुरा पडला की पहिला बळी पुनर्पाठाचा जातो व तो केवळ वहीत उरतो. ज्या भागाची नोंद करणे सोपे तो टिकला.

आता नॅककडे वळू. २००२ मध्ये परिषद आणि नॅक ह्यांच्यात करार होऊन अध्यापक-शिक्षण संस्थांच्या मूल्यांकनास गती मिळाली. पुढे नॅकने राष्ट्रकुल अध्ययन संस्थेच्या सहकार्याने अध्यापक-शिक्षणाचे गुणवत्ता-निर्देशक तयार केले. त्यांचा हेतू संस्थांनी स्वतःकडे पाहावे हा होता, आणि तो दस्तऐवज आजही वाचनीय आहे. २०१७ च्या सुधारित चौकटीत सुमारे ७० टक्के भार संख्यात्मक मापांवर आला. अध्यापक-शिक्षण संस्थांसाठी वेगळी पुस्तिका निघाली, तीत आंतरवासितेचे नियोजन, छात्राध्यापकाचा शाळेतील सहभाग, त्याच्या कौशल्यांचा विकास ह्यांविषयी स्पष्ट पृच्छा आहेत. तेव्हा नॅकला वर्गातील अध्यापनाचा विसर पडला असा आरोप करणे अन्यायाचे होईल. अडचण पुराव्याची आहे. नियोजन होते ह्याचा पुरावा नियोजनाचा कागद. सहभाग होता ह्याचा पुरावा स्थलकाल नोंदविणारे छायाचित्र. मार्गदर्शन झाले ह्याचा पुरावा स्वाक्षऱ्यांचा तक्ता. पाठ सुधारला ह्याचा पुरावा मागितलेला नाही. परिणामी महाविद्यालयातील सर्वांत कर्तबगार अध्यापक दोन वर्षे ‘नॅकचे काम’ करतात, म्हणजे छायाचित्रे व प्रमाणपत्रे जमवितात, आणि त्याच दोन वर्षांत आंतरवासितेच्या शाळांकडे नवख्या सहकाऱ्यांना पाठविले जाते. गुणवत्तेच्या मोजणीचा खर्च गुणवत्तेतूनच भागविला जातो, आणि ह्या खर्चाचा रकाना कोणत्याही पुस्तिकेत नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. संख्यात्मक मापे आली ती तज्ज्ञ-पथकांच्या मर्जीवर अंकुश म्हणून. पथकाचा पाहुणचार, ओळखीपाळखी, आणि त्याहून वाईट गोष्टी कोणास ठाऊक नाहीत? फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या एका तपासणी-समितीच्या अध्यक्षांसह अनेक सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली. जाणत्या माणसाच्या निर्णयावर भिस्त ठेवा असे म्हणणाऱ्याने ह्या घटनेकडे डोळेझाक करून चालणार नाही. आणि म्हणूनच आम्ही मोजणी सोडा असे म्हणत नाही. जानेवारी २०२४ मध्ये श्रेण्यांऐवजी अधिस्वीकृती आहे वा नाही इतकेच सांगणाऱ्या पद्धतीची घोषणा झाली. तिच्यामुळे श्रेणीची स्पर्धा कमी होईल, परंतु काय मोजावे हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो.

मोजता येण्याजोगी एक गोष्ट आम्ही सुचवितो. प्रत्येक छात्राध्यापकाचे दहा पाठ त्या विषयाच्या अध्यापकाने आरंभापासून अखेरपर्यंत पाहावेत. प्रत्येकावर मुलांनी काय केले ह्याविषयी लेखी शेरा असावा. आणि दहांपैकी निदान तीन पाठ त्याच घटकावर, शेऱ्यानुसार बदल करून, दुसऱ्या तुकडीत पुन्हा घेतलेले असावेत. वरील हिशेबात हे बसते. शंभर विद्यार्थ्यांचे हजार पाठ, आठ अध्यापक, प्रत्येकी १२५, म्हणजे दिवसाला एकाहून थोडा अधिक. उरलेले वीस पाठ निरीक्षणाविना झाले तरी हरकत नाही; शिक्षकाला एकटे सोडण्याचीही काही उपयुक्तता आहे. तपासणी-पथकाने ह्या शेऱ्यांच्या वह्यांतील पाच यदृच्छेने काढाव्यात आणि त्या छात्राध्यापकांना त्यांविषयी विचारावे. पन्नास शेरे खोटे लिहिणे शक्य आहे; परंतु पन्नास वेगवेगळ्या वर्गांत मुलांनी काय केले हे खोटे लिहिण्याचे श्रम खरे निरीक्षण करण्याहून कमी नाहीत.

जोडशाळेचा प्रश्न ह्याने सुटत नाही. एकाकी महाविद्यालयांपैकी बहुसंख्य गंभीरपणे अध्यापक-शिक्षण देतच नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात, हा वर्मा आयोगाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापक-शिक्षण बहुविद्याशाखीय संस्थांत नेण्याचे ठरविले आहे. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम त्यासाठीच आला. कोठारी आयोगाने दाखविलेले पहिले तुटलेपण ह्याने कमी होईल. दुसरे वाढण्याचा संभव आहे. कारण विद्यापीठाच्या आवारात रसायनशास्त्र व इतिहास हे विभाग शेजारी असतात, पहिलीचा वर्ग नसतो. नव्या संस्थांच्या मान्यतेत जोडशाळा, निदान जिल्हा परिषदेच्या वा महानगरपालिकेच्या दोन-तीन शाळांशी दीर्घ मुदतीचा लेखी संबंध, हा ‘इष्ट’च्या सदरातून ‘आवश्यक’च्या सदरात गेला पाहिजे. तेथील मार्गदर्शक शिक्षकांच्या दोन तासिका कमी करण्याचा खर्च शासनाने व महाविद्यालयाने वाटून घ्यावा.

शेवटी आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. एम.एड. व पीएच.डी.चे प्रबंध शिक्षकांच्या अभिवृत्तींवर, समायोजनावर, संगणक-साक्षरतेवर पुष्कळ झाले. सरावपाठांवरील निरीक्षकांच्या शेऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास मात्र विरळा. एका महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या वह्या घेतल्या, तरी हजारो शेरे हाती येतात : त्यांतील किती आवाजाविषयी, किती फळ्यावरील अक्षराविषयी, आणि किती मुलांच्या चुकांविषयी, हे पाहता येईल, एकाच छात्राध्यापकाला तोच शेरा कितीदा मिळाला हेही. त्यासाठी अनुदान नको, प्रश्नावली नको. मात्र परीक्षेचा निकाल लागला की ह्या वह्या रद्दीत जातात, तेव्हा ज्यांना हा विषय घ्यावयाचा असेल त्यांनी प्राचार्यांची परवानगी आंतरवासिता संपण्यापूर्वीच मिळवावी.